चौथी सीट

ऑलिम्पिक संपून आठवडा झाला, पण माझी झोप अजून पॅरिसच्या वेळेवरच आहे. रात्री दीडला टक्क जाग, आणि सकाळी पोळी तव्यावर नि डोळे मिटलेले. घरचे म्हणतात, "तुला काय करायचंय त्या ऑलिम्पिकशी? शाळेत पीटीच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून बसायचीस ना तू?" बसायचे. आयुष्यात मी धावलेय ती फक्त ठाणा स्टेशनच्या जिन्यावरून, आणि तेसुद्धा इंडिकेटर बदलला की. तरी दर चार वर्षांनी पंधरा दिवस मला रायफलची गुडघ्यावरची पोझिशन, उभ्याची पोझिशन सगळं कळायला लागतं. त्याला माझा इलाज नाही.

यंदा एक नवीन छळ होता. आमच्याकडे मोबाईलवरचं ॲप टीव्हीला जोडलेलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकांकडे केबल. केबल आमच्या अर्धा मिनिट पुढे. त्यामुळे या पंधरा दिवसांत मी एकही निकाल आधी पाहिला नाही. आधी ऐकला, मग पाहिला. नीरज चोप्राच्या फायनलच्या रात्री तो दुसऱ्या फेकीसाठी भाला खांद्यावर घेऊन नुसता उभा होता, तेवढ्यात खालून "गेऽऽला!" मग आमच्या पडद्यावर तो धावला, मग भाला गेला, मग ८९.४५ मीटर. टाळ्या कुठे वाजवायच्या तेच कळेना. त्याच फेरीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ फेकला तेव्हा खालून फक्त खुर्ची सरकल्याचा आवाज आला होता, तेवढ्यावरून मी ओळखलं की काहीतरी गडबड आहे. नीरजच्या बाकीच्या पाचही फेकी फाऊल. पाच वेळा "च्च". काकांना सांगायला जावं तर काय सांगणार? "काका, तुम्ही जरा उशिरा आनंदी होत जा"?

त्यातच बाहेर गोविंदा पथकाचा सराव. ठाण्यात श्रावण लागला की रात्री अकराला "अरे पाय सांभाळ, डावा, डावा!" ऐकल्याशिवाय झोप येत नाही, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. उलट ब्रेकडान्सची स्पर्धा बघताना बरं वाटलं. ऑस्ट्रेलियाच्या रेगन नावाच्या बाई. विद्यापीठात शिकवतात, पीएचडीसुद्धा याच विषयाभोवती. तीन लढती, तिन्हीत १८-० ने हार, आणि तो कांगारूसारखा हात धरून मारलेला डान्स. जग हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण आमच्या गल्लीतला सगळ्यात वरच्या थरावरचा पोरगा तिच्यापेक्षा अवघड काम, तिच्यापेक्षा कमी जागेत करतो, एवढं नोंदवून ठेवते.

आणि तो तुर्कस्तानचा नेमबाज युसुफ दिकेच! खिशात हात, साधा चष्मा, साधा टी-शर्ट, चेहऱ्यावर "लवकर आटपा, दूध आणायचंय" असा भाव. आमच्या सोसायटीचे खजिनदार मेंटेनन्सची थकबाकी वाचून दाखवताना हुबेहूब असेच उभे राहतात. मीम्स इतक्या आल्या की एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षातच आली नाही : त्याचं रौप्य आणि आपल्या मनू भाकर-सरबजोत सिंगचं कांस्य एकाच स्पर्धेतलं आहे. शिवाय तो पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेला २००८ मध्ये, बीजिंगला. पहिलं पदक मिळालं एक्कावन्नाव्या वर्षी. मधली सोळा वर्षं कोणी त्याची मीम केली नाही.

तर मुद्दा हा, की मला चौथ्या नंबरांबद्दल बोलायचं आहे.

ज्यांनी लोकलने प्रवास केला नाही त्यांच्यासाठी सांगते. सेकंड क्लासचा बाक तिघांचा. मी ठाण्याहून सुटणारी लोकल पकडते, पण मुलुंडहून उलट्या येणाऱ्या बायका आधीच बसलेल्या असतात. मग चौथी म्हणते, "जरा सरका ना." तिघी एकेक इंच देतात, तेही असं तोंड करून की जणू सातबारा लिहून दिला. जे उरतं त्यावर चौथी अर्धी टेकते. एक मांडी आत, एक बाहेर, पाय वाटेत, येणारीजाणारी प्रत्येक पर्स गुडघ्यावर आपटणार, आणि ब्रेक लागला की सगळा भार डाव्या पोटरीवर. शेजारणीने इअरफोनशिवाय रील्स लावलेले असले तर तेही ऐकायचे. पण ऑफिसात कुणी विचारलं, "बसायला मिळालं का गं?" तर आपण म्हणतो, "हो, चौथी मिळाली." उभी होते असं कुणी म्हणत नाही.

पॅरिसमध्ये भारताची पदकं सहा आणि चौथे नंबरही सहा. पदकांच्या सहा फोटोंचे कोलाज मला किमान चाळीस जणांनी पाठवले. चौथ्यांचा एकही नाही. अर्जुन बाबुता, रायफल. तिरंदाजीत धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत. स्कीटमध्ये माहेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नारुका. हे दोघं चीनकडून ४४-४३ ने हरले. हवेत उडणारी एक मातीची थाळी फुटली नाही, बस. मनू भाकर तिसऱ्या पदकाच्या दारात शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा फेरीत गेली. लक्ष्य सेन बॅडमिंटनमध्ये पहिला गेम जिंकून, कोपरातून रक्त गळत असताना पट्टी बदलून बदलून खेळला आणि हरला. दुसऱ्या दिवशी ज्यांनी शेवटचं शटल बिल्डिंगच्या गच्चीवर अडकवलं होतं त्यांनी त्याला मनोबलावर व्याख्यान दिलं.

आणि मीराबाई चानू. हिच्याबद्दल जरा थांबून लिहिते. सात ऑगस्टची रात्र. त्या दिवशी दुपारीच विनेश फोगटची बातमी आली होती, वजन शंभर ग्रॅम जास्त म्हणून कुस्तीच्या फायनलमधून बाद. ऑफिसात कुणाचं लक्ष कामात नव्हतं. शंभर ग्रॅम म्हणजे किती, तर भाजीवाला शंभर ग्रॅम मिरची देताना वर दोन मिरच्या अशाच टाकतो, त्यालाही ते मोजण्यासारखं वाटत नाही. रात्रभर घाम काढला, केस कापले, तरी काटा हलला नाही. परवा बुधवारी लवादानेही अपील फेटाळलं. नियम नियमाच्या जागी बरोबर असेल. पण त्यावर "आधी वडापाव कमी खायचा होता" असले विनोद पाठवणाऱ्या एका माजी सहकाऱ्याला मी ब्लॉक केलं आहे आणि त्याने हे वाचावं अशी माझी इच्छा आहे, जे आता शक्य नाही.

तर त्याच रात्री मीराबाई. वेटलिफ्टिंगमध्ये ८८ आणि १११, एकूण १९९ किलो. थायलंडच्या मुलीचे २००. एका किलोने चौथी. नंतर ती शांतपणे बोलली की पाळीचा तिसरा दिवस होता. टीव्हीवर सगळे पुरुष एकदम तांत्रिक गोष्टींकडे वळले. सकाळी आमच्या लेडीज डब्यात मात्र हीच चर्चा. माझ्यासमोरच्या भांडुपच्या ताई म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी मला पाण्याची बादली उचलवत नाही हो. हिने एकशे अकरा?" डबाभर दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. रील्सवालीनेसुद्धा मोबाईल बंद केला. विक्रोळी आल्यावर पुन्हा सुरू केला.

त्या रात्री मी दोनपर्यंत जागी होते कारण सव्वाला अविनाश साबळेची फायनल होती. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा पोरगा, लष्करातला. तीन हजार मीटर स्टीपलचेस : अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. नवरा झोपेत म्हणाला, "म्हणजे घोडबंदर रोड." हा विनोद इतका सोपा आहे की मी तो करणार नव्हते. पण ज्याने पावसाळ्यात मेट्रोचे पत्रे, बॅरिकेड आणि पाण्याने भरलेला खड्डा चुकवत मानपाड्याहून स्कूटर आणली आहे त्याला हसू येणारच. साबळे अकरावा आला. ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीच्या फायनलला पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. बायकांमध्ये आपली साताऱ्याची ललिता बाबर २०१६ ला रिओत पोचली होती, दहावी आली होती. दोघंही महाराष्ट्राच्या दुष्काळी भागातली, आणि शर्यत कुठली निवडली, तर पाण्यात उडी मारायची.

आता सेक्रेटरी. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा मेसेज ग्रुपवर रोज सकाळी सातला : "१४० कोटी लोकसंख्या आणि पदकं? विचार करा." शेवटी हात जोडलेले. सेंट लुशियाची ज्युलियन अल्फ्रेड शंभर मीटर जिंकली तेव्हा तर त्यांना भरतंच आलं. तो देश दोनेक लाख वस्तीचा. २०११ च्या जनगणनेत आपलं ठाणं शहरच अठरा लाखांचं होतं. म्हणून मेसेज : "ठाण्याच्या एक दशमांश देश! आपण कुठे कमी पडतो?"

कुठे कमी पडतो ते मी सांगते. ए विंगच्या लिफ्टशेजारी फलक आहे, खाली त्यांचीच सही आहे : "आवारात क्रिकेट, फुटबॉल, बॅडमिंटन व तत्सम खेळ खेळण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून." त्या "तत्सम"मध्ये अख्खं ऑलिम्पिक आलं. पोरांनी जायचं कुठे? मागच्या मोकळ्या जागेत आता स्टॅक पार्किंग आहे. समोरच्या मैदानावर वर्षातले निम्मे दिवस मंडप. गेल्या मे महिन्यात तीन मुलं रिंग टेनिस खेळत होती, तर वॉचमनला पाठवून रिंग जप्त केली. ती रिंग अजून सोसायटीच्या ऑफिसात, ऑडिट रिपोर्टच्या फायलीवर पेपरवेट म्हणून आहे. मी डोळ्यांनी पाहिली आहे.

मेसेजला मी उत्तर दिलं नाही. एक ऑगस्टला दुपारी मात्र द्यायचा मोह झाला होता, स्वप्नील कुसाळेला रायफलमध्ये कांस्य मिळालं तेव्हा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, आणि नोकरी तेव्हा आपल्या मध्य रेल्वेत टीसीची! संध्याकाळी डब्यात या गोष्टीचा असा काही आनंद की जणू आमच्यापैकीच कुणाला मिळालंय. एक जण म्हणाली, "आता टीसीने पास मागितला तर हसून दाखवीन." मला आवडलं ते वेगळंच. हा स्वप्नील २०२२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा आला होता, आणि त्या चौथ्या नंबरावरच देशाला पॅरिसची जागा मिळाली. मग हांगझोऊच्या एशियाडलाही चौथाच. पॅरिसच्या फायनलमध्येही गुडघ्यावरची फेरी झाली तेव्हा सहावा होता, मग हळूहळू ४५१.४ वर तिसरा. लोकलमध्ये नेमकं हेच होतं की हो! घाटकोपरला कडेची बाई मेट्रोला उतरते आणि चौथी अर्ध्या मांडीची पूर्ण होते. पण त्यासाठी ठाण्यापासून तिथे टेकून राहावं लागतं. उभीला ती जागा मिळत नाही. आधीपासून टेकलेलीलाच मिळते, असा नियम आहे आणि तो मोडला तर डब्यात रक्तपात होतो.

स्वप्नीलनंतर सगळ्यांनी खाशाबा जाधवांची आठवण काढली, ते योग्यच झालं. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, कराडजवळचं गोळेश्वर, बैलगाड्यांची मिरवणूक. पण त्याच हेलसिंकीत त्याच कुस्तीत केशव माणगावे चौथे आले होते. हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं? मीसुद्धा या पंधरा दिवसांतच वाचलं. एक कांस्य आणि एक चौथा नंबर, दोन मराठी मल्ल, एकच ऑलिम्पिक. एकाचा धडा शाळेत, दुसऱ्याचं नावही आठवत नाही.

चौथी सीट चांगली असते असं मी म्हणत नाही. कंबर मोडते. फक्त दुसऱ्या दिवशीच्या पेपरात "रिकाम्या हाताने परतला" असं वाचलं की चिडचिड होते. जगात चौथा म्हणजे रिकामा हात असेल तर माझ्या हातात काय आहे? डबा आणि छत्री.

परवा पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सेक्रेटरींनीच मुलांच्या स्पर्धा ठेवल्या, एक दिवसापुरती मनाई उठवून. पार्किंगमध्ये लिंबू-चमचा. सगळ्यांना गाड्या काढायला सांगितलं होतं. एक पांढरी गाडी निघाली नाही, कुणाची ते विचारू नका, माईक हातात होता त्यांची. त्यामुळे ट्रॅक त्या गाडीला वळसा घालून. बक्षिसं तीन : कंपास, डबा, पाण्याची बाटली. सी विंगमधली दुसरीतली एक मुलगी चौथी आली. बाकीच्यांची लिंबं दोनदोनदा पडली, उचलून परत ठेवली, पळाली. हिचं एकदाही पडलं नाही. मी म्हटलं, "अगं, जरा भरभर चालायचं ना."

"काकू, भरभर गेलं की पडतं," ती म्हणाली, आणि समोश्यांच्या टेबलाकडे गेली. लिंबू चमच्यातच होतं. तिथेही रांगेत चौथी होती. समोसा आणि लिंबू दोन्ही घेऊन वर गेली.