डाऊनलोड करतो म्हणालात ना? मग करा की!

"करतो रे डाऊनलोड, रात्री वायफायवर." मी एक अ‍ॅप बनवलंय, आणि गेल्या चार महिन्यांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी म्हणालं तर त्याचा मोबाईल हिसकावून घेईन आणि मीच करून देईन. नाहीतर माडाच्या बुंध्यावर आपटेन.

अ‍ॅप काही रॉकेट उडवायचं नाही. माडावर चढून नारळ काढणारा पाडेली आणि ज्याच्या परसात सुके नारळ डोक्यात पडायची वेळ आलीय तो मालक, या दोघांची गाठ घालून द्यायची, बस्स. वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत कुठल्याही पडवीत जाऊन बसा, चहाच्या दुसऱ्या घोटाला ऐकू येईल, "पाडेली गावणा नाय रे." मला वाटलं, लोक तुटून पडतील. वाटलं!

आधी प्ले स्टोअरचं लग्न. २५ डॉलर एकदाच भरायचे, ते भरले. पण नवीन वैयक्तिक खातं असलं की १२ माणसांनी सलग १४ दिवस टेस्टर, म्हणजे आधी वापरून बघणारे, म्हणून राहावं लागतं, त्याशिवाय अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करायला अर्जच करता येत नाही. पूर्वी २० लागायचे, आता १२ वर आणलेत, तेवढेच उपकार. हे १२ जमवायला मी सोयरे-सुतक सगळं वापरलं. नवव्या दिवशी मावशी गळाली. "तुझा ता अ‍ॅप काढून टाकलंय रे मेल्या, फोटो रवणत नव्हते." फोटो कसले, तर गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ'. सातशे!

नावाचाही छळ. स्टोअरवर नाव ३० कॅरेक्टरांत बसवायचं आणि काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजतात. 'पाडेली' हा तीन अक्षरी शब्द तिथे सहा होतो. नावात 'फ्री' लिहायलाही बंदी. मग फुकट आहे हे सांगायचं कुठे, वेशीवर दवंडी पिटून?

बरं, व्हॉट्सअ‍ॅप. आमच्या वाडीच्या ग्रुपवर लिंक टाकली. दोन मिनिटांत अ‍ॅडमिन हजर: "ग्रुपवर जाहिरात टाकू नये, ही शेवटची सूचना." त्याच्या वरचा मेसेज त्याचाच होता, 'सी-व्ह्यू प्लॉट, क्लिअर टायटल, त्वरा करा'. ती जाहिरात नव्हे हां, ती समाजसेवा.

आंगणेवाडीच्या जत्रेला क्यूआर कोडवाली पत्रकं छापून नेली. भराडीदेवीला लाखो माणूस येतं, म्हटलं हजारातल्या एकाने स्कॅन केलं तरी पुष्कळ. पण एवढ्या गर्दीत टॉवर बसतो हे माझ्या शहाण्या टाळक्यात आलंच नाही. कोड स्कॅन झाला की पुढे नुसतं चक्र फिरतंय. तीनेक तासांनी बघतो तर खाजेवाल्याने माझ्याच पत्रकांचा गठ्ठा शेजारी ठेवलाय आणि त्यावर गरम खाजं घालून देतोय. गुळाच्या पाकात माझा क्यूआर कोड! तो आता देवालाही स्कॅन व्हायचा नाही.

मग अक्कल गहाण टाकून एका एजन्सीला अठरा हजार दिले. "सर, इन्स्टॉल्सची गॅरंटी." आले की इन्स्टॉल्स! एका आठवड्यात तीन हजार. कुठून, तर जिथे माड सोडा, समुद्रसुद्धा दिसत नाही अशा गावांतून. पुढच्या आठवड्यात त्यातले साठ उरले. फोन केला तर म्हणे, "सर, रिटेन्शनचं, म्हणजे लोक टिकवायचं, पॅकेज वेगळं असतं." तुझ्या पॅकेजात घाल नारळ!

रीलवाली एक जोडी भेटली. पाच हजार, शिवाय दोन रात्रींचं होमस्टे आणि दोन्ही वेळ सुरमईची थाळी. थाळी खाऊन रील केली ती सुरमईची. अ‍ॅप शेवटच्या सेकंदाला, तेही उलटं धरलेलं.

मुंबईच्या चाकरमान्यांबद्दल तर बोलूच नये. "मस्त कन्सेप्ट! आयफोनवर का नाय?" कारण तिथे दर वर्षाला ९९ डॉलर लागतात, दादा. तुम्ही अँड्रॉइडवाल्या आईच्या फोनवर तरी टाकून दिलंत का? नाही. आणि ज्याने टाकलं त्याने एक स्टार दिला. खाली लिहिलंय, "नारळाचे दर खूप वाढलेत." ते मी वाढवले?

खुद्द पाडेलीला विचारलं, बाबा, तू तरी नाव नोंदव. तो माडावरूनच ओरडला, "माझो नंबर सगळ्या गावाकडे आसा. अ‍ॅप कित्याक होया?" गावाकडे आहे ना नंबर, मग गाव माझ्या डोक्याशी का रडतं?

काल घरी गेलो तर अंगणात नारळांचा ढीग. आईने काढून घेतले होते. विचारलं, अ‍ॅपवरून बोलावलंस ना? तर म्हणते, "रेंज खंय होती? कोयता घेऊन वाटेन जाय होतो, हाक मारलंय."