मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पुढचे सहा आठवडे घरच्यांचे

मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत उरकतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं की काम झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघते, डॉक्टरांची बोटं बरोबर मोजता येतात, आणि नंतरच्या तपासण्यांच्या तारखा फ्रिजवरच्या कागदावरच राहतात. मला हे फार खटकतं. गढूळ भिंग निघून नवीन लेन्स बसली, तरी स्वच्छ नजर हाती यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस डोळा घरच्यांच्या हातात असतो.

पहिल्या दिवशीच्या धूसरपणापासून सुरुवात करू, कारण घाबरगुंडी तिथेच उडते. फेको पद्धतीत कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक काचेच्या) कडेला २.२ ते २.८ मिमीचा छेद घेतात, अल्ट्रासाउंडने भिंग फोडून शोषून घेतात आणि भिंगाची जी पातळ पिशवी मागे राहते तिच्यात घडी घातलेली लेन्स उलगडतात. मोतीबिंदू कडक आणि तपकिरी झालेला असेल तर तो फोडायला ऊर्जा जास्त लागते. त्याची झळ कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशींना बसते आणि कॉर्निया सुजतो. अशा डोळ्याला सकाळी उठल्यावर जास्त धूसर दिसतं आणि दुपारपर्यंत जरा निवळतं, कारण रात्रभर पापणी मिटलेली असल्याने सूज ओसरत नाही. बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं. पण त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणूनच ‘अजून पिकू दे, मग बघू’ हा घराघरात दिला जाणारा सल्ला मला चुकीचा वाटतो. पिकलेला मोतीबिंदू काढणं सर्जनलाही अवघड आणि डोळ्यालाही महाग.

सुरुवातीला सगळं निळसर, पांढरंशुभ्र दिसणं मात्र ठीक आहे. जुनं पिवळं पडलेलं भिंग निळा प्रकाश अडवत होतं, आता तो आत येतो. काही दिवसांत मेंदूला सवय होते. डोळ्याच्या बाहेरच्या कडेला चंद्रकोरीसारखी सावली किंवा दिव्याभोवती चमक काहींना जाणवते, तीही बहुधा हळूहळू विरते.

आता थेंब. निम्म्या तक्रारींचं मूळ इथे सापडतं. साधारणपणे एक अँटिबायोटिक (बहुधा मॉक्सिफ्लॉक्सासिन) आठवडा-दोन आठवडे, आणि एक स्टेरॉइड, जे दर आठवड्याला कमी करत नेतात: दिवसातून सहा वेळा, मग पाच, चार, असं. तुमच्या कार्डावर लिहिलेलं वेळापत्रक हेच तुमचं, शेजारच्या काकांचं चालणार नाही. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटच्या बाटलीत औषध तळाशी बसतं, ती दर वेळी नीट हलवा, नाहीतर नुसतं पाणी डोळ्यात जातं आणि सूज तशीच राहते. एका वेळी एकच थेंब. तो ४०-५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात मावतं ३० च्या आसपास, म्हणजे दुसरा थेंब गालावरच जातो. हात साबणाने धुवा, खालची पापणी हलकेच ओढा, थेंब त्या खळग्यात सोडा, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं अलगद दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगळ्या औषधांत किमान पाच मिनिटं जाऊ द्या, मलम सगळ्यात शेवटी. बाटली फोडल्यावर चार आठवड्यांनी टाकून द्या. हात थरथरत असतील किंवा मान मागे जात नसेल तर पेशंटला आडवं झोपवून घरातल्या कुणीतरी थेंब घालावेत. ‘त्यांचे ते घालतात’ यावर विसंबू नका.

स्टेरॉइड मनाने बंद केलं की सूज उलटते, डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही. मनाने चालू ठेवलं तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि तो वाढताना दुखत नाही. महिन्याच्या तपासणीत दाब मोजतात तो याचसाठी.

पथ्याच्या नावाखाली जे चालतं त्यातलं बरंच सोडून द्या. आंबट खाल्ल्याने डोळ्यात पू होत नाही. भात, डाळ, मासे सगळं खा, मधुमेह असेल तर साखर सांभाळा. टीव्ही, मोबाइल, वाचन यांनी टाका तुटत नाही (फेकोत बहुतेक वेळा टाका नसतोच). खरं पथ्य म्हणजे डोळा चोळायचा नाही, दोन आठवडे नळाचं पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि पहिला आठवडाभर झोपताना प्लॅस्टिकची जाळी लावायची. झोपेत डोळा चोळला जातो, आणि ते सकाळी कुणालाच आठवत नाही.

रोज सकाळी एक काम करा. त्याच जागी, त्याच उजेडात, दुसरा डोळा झाकून भिंतीवरच्या कालनिर्णयवरच्या तारखा वाचायला सांगा. नजर दिवसागणिक सुधारली पाहिजे, निदान टिकली पाहिजे. कालच्यापेक्षा आज कमी दिसतंय, दुखतंय, लाली वाढली, पापणी सुजली, चिपडं येताहेत: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रविवार असला तरी, ऑपरेशन केलेल्या दवाखान्यात न्या. डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग दुर्मिळ असतो, पण बहुधा पहिल्या आठवड्यातच डोकं वर काढतो. त्यावर डोळ्याच्या आत अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यावं लागतं, आणि काही तासांच्या उशिराने नजर जाऊ शकते. मेडिकलमधून थेंब आणून वाट पाहणं म्हणजे डोळा पणाला लावणं. विजा चमकल्यासारखं होणं, अचानक काळे ठिपके वाढणं किंवा कडेने पडदा सरकत येणं हेही तितकंच तातडीचं. मोठा मायनस नंबर असलेल्यांनी तर हे पुढची अनेक वर्षं लक्षात ठेवावं.

चांगली सुधारलेली नजर चौथ्या ते सहाव्या आठवड्यात पुन्हा मंद झाली, सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या, तर डोळ्यामागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यबिंदूवर सूज आलेली असू शकते. मधुमेहींना हा धोका जास्त. ओसीटी तपासणीत (पडद्याच्या स्कॅनमध्ये) ती दिसते आणि बहुतेकांची थेंबांनीच उतरते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू धूसर होऊ लागलं तर ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणतात. तो परत येत नाही. लेन्समागची पिशवी धूसर होते आणि याग लेझरने तिला मध्ये वाट करून देतात. भूल-इंजेक्शन लागत नाही, काही मिनिटांत पेशंट बाहेर येतो.

आणि चष्मा. मी सगळ्यात जास्त आग्रह याचा धरते. साधी, एका अंतराची लेन्स बहुतेकदा लांबचं दिसेल अशी बसवतात, म्हणजे पोथी, पेपर, गोळ्यांचं पाकीट वाचायला +२.५० च्या आसपास नंबर लागणारच. ते ऑपरेशन फसल्याचं लक्षण नाही. फेकोनंतर महिन्याभरात नंबर स्थिरावतो, मोठ्या छेदाच्या बिनटाक्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे द्यावे, कारण छेद भरताना कॉर्नियाचा बाक बदलत असतो. दहाव्या दिवशी केलेला चष्मा म्हणून वाया जातो. फुटपाथवरची तयार चाळिशी दोन्ही डोळे सारखे असतील आणि तिरका (सिलिंडर) नंबर नसेल तरच चालते. जागतिक आरोग्य संघटना ऑपरेशन परिणामकारक मोजते ते नंतर नजर ६/१२ (निरोगी डोळा बारा मीटरवरून वाचतो ते सहा मीटरवरून वाचता येणं) किंवा त्याहून चांगली असेल तर, तीही पेशंट रोज वापरतो त्या चष्म्यासह. शिबिरातून हिरवा फडका बांधून घरी आलेल्या आणि नंतर चष्मा न मिळालेल्या माणसाचं ऑपरेशन आकड्यांत धरलं जातं, पण त्याला सुईत दोरा ओवता येत नाही. शिबिर भरवणाऱ्यांनी सहाव्या आठवड्याची तपासणी आणि चष्मा ऑपरेशनच्या खर्चातच धरावा, नसेल जमत तर संख्या कमी ठेवावी.

एकाच डोळ्याचं झालं असेल आणि दुसऱ्याला -५, -६ नंबर असेल तर चष्म्याने दोन्ही डोळे जुळत नाहीत. तीनेक नंबरांच्या फरकापुढे मेंदूला दोन आकारांची चित्रं एकत्र करता येत नाहीत, चक्कर येते, जिन्याची पायरी चुकते. दुसऱ्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स वापरणं किंवा त्याचं ऑपरेशन लवकर करणं हे दोन मार्ग. डिस्चार्ज कार्डावर लेन्सचा स्टिकर असतो, त्यावर पॉवर आणि मॉडेल छापलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा. पहिल्या डोळ्यात लेन्सच्या पॉवरचा हिशोब किती चुकला यावरून सर्जन दुसऱ्याची लेन्स सुधारून निवडू शकतो, म्हणून दुसऱ्या डोळ्याच्या मोजमापाला जाताना तो स्टिकर आणि पहिल्या डोळ्याचा शेवटचा नंबर दोन्ही सोबत न्या.