पाऊण ब्रास माती

गेल्या शनिवारी न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. आधी कॉलेजप्रवेशाच्या एसएटी परीक्षेवाले, मग स्पेलिंग बीवाला, मग अरंगेत्रमवाल्या, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम केलेल्या दोघी (त्यांच्या गुरूंच्या गुरूंपर्यंत वंशावळ सांगून झाली), आणि सगळ्यात शेवटी निवेदिकेनं हातातली चिठ्ठी उलटसुलट करून माझ्या लेकीबद्दल जाहीर केलं, ‘हिने बॉय स्काऊटचा बॅज मिळवला आहे!’ टाळ्या पडल्या, पण मसालेभाताचं झाकण उघडल्यावर उठता उठता पडतात तशा. हातात आलं प्रशस्तिपत्रक. नावाआधी ‘चि.’ छापलेलं.

‘चि.’चं सोडा. ‘बॅज’ हे एकवचन मला अजून पचलेलं नाही.

लेक झालीय ईगल स्काऊट. तो बॅज नसतो, पद असतं. स्काऊट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि मग ईगल, अशा सात पायऱ्यांतली शेवटची पायरी. फर्स्ट क्लासनंतर स्टारला किमान चार महिने, लाइफला सहा, ईगलला आणखी सहा, आणि त्या प्रत्येक टप्प्यावर ट्रूपमध्ये, म्हणजे आपल्या स्काऊट पथकात, काहीतरी जबाबदारी अंगावर. बॅज म्हणाल तर एकवीस, त्यातले बरेचसे सक्तीचे. कॅम्पिंगच्या बॅजला वीस रात्री बाहेर काढायच्या. त्यात आठवडाभराच्या उन्हाळी कॅम्पच्या सहाच धरतात, उरलेल्या चौदा वीकेंड गाठून, हमखास पावसात. पर्सनल मॅनेजमेंटला तेरा आठवडे जमाखर्च लिहायचा. फॅमिली लाइफला नव्वद दिवस घरकामाची नोंद ठेवायची. आमच्या फ्रिजवर तीन महिने ‘चोअर चार्ट’ लटकत होता आणि भारतातून आलेल्या सासूबाई रोज विचारायच्या, ‘चोर सापडला का गं?’ हायकिंग घेतलं तर पाच मैलांपासून चढत जाऊन शेवटी एका दिवसात वीस मैल, म्हणजे बत्तीस किलोमीटर. माउलींच्या पालखीचा पुणे-सासवड टप्पा साधारण एवढाच, फक्त इथे वाटेत कुणी केळी वाटत नाही. (हायकिंगऐवजी पोहणं किंवा सायकलही चालते. आमच्या घरी पोहण्याचा विषय काढायचा नसतो.)

हे सगळं अठरावा वाढदिवस उजाडायच्या आत.

शिवाय ते बॅज शिवावे लागतात. इस्त्रीनं चिकटवलेले चार धुण्यांत सुटतात आणि गोंदानं शर्टाला पापड येतो. काठाची जाड गोट असते, तिच्या आतल्या कडेनं बारीक टाका घालायचा. पदाचं चिन्ह डाव्या खिशावर येतं. तिथे खिशात हात घालून, मागचं कापड बाजूला धरून शिवलं नाही, तर खिसा कायमचा बंद. आमच्या ट्रूपमधल्या निम्म्या पोरांना डावा खिसा नाही. मी तिथल्या कमिटीवर पाच वर्षं कागद तपासते आहे. आईनं कुठे कुठे हात लावू नये हे मला पाठ आहे. शिवण हा एकच प्रांत असा, की तिथे मला कुणी अडवत नाही. म्हणून एकवीसच्या एकवीस मी शिवलेत. आता कळलं असेल, एकवचन का लागलं ते.

तर असं धुमसत जेवणाच्या रांगेत उभी होते. पुढे पंच्याहत्तरीचे एक काका, एसीमुळे स्वेटर घातलेला, हातात दोन प्लेटा.

‘ताई, तुमच्याच मुलीला ना ते गरुड मिळालं? मी पाटबंधारे खात्यातनं रिटायर. साताऱ्याचा. मुलाकडं आलोय सहा महिने. नेमकं केलं काय ओ तिनं?’

म्हटलं, बॅज वगैरे सगळे करतात, शेवटी एक मोठं समाजोपयोगी काम करावं लागतं. हिनं गावच्या ग्रंथालयामागे भाज्या लावायला लाकडी चौकटीचे उंच वाफे बांधले.

‘वाफे. किती?’

‘तीन.’

‘किती दिवस लागले?’

‘आठ महिने.’

काकांनी दोन्ही प्लेटा एका हातात घेतल्या. ‘आठ महिन्यांत आम्ही कालव्याचं चार किलोमीटर अस्तरीकरण करत होतो की ओ. ते पण ठेकेदाराचं बिल अडकलेलं असताना.’

‘काम दोनच शनिवारांचं होतं काका. बाकी वेळ कागदात गेला.’

‘कागदात?’ काकांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं रांग पुढे सरकली. ‘सांगा, सांगा.’

मग मी सांगितलं. आधी प्रपोजल लिहायचं. त्यावर चार सह्या: ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांची, स्काऊटमास्टरची, ट्रूपच्या कमिटीची, आणि शेवटी संघटनेच्या वरच्या कौन्सिलच्या किंवा डिस्ट्रिक्टच्या माणसाची. चारही झाल्याशिवाय एक खिळा ठोकायचा नाही.

‘ही प्रशासकीय मान्यता झाली.’

‘ज्यांच्यासाठी काम असतं त्यांना त्या फॉर्मात बेनिफिशिअरी म्हणतात...’

‘लाभार्थी!’ काका एवढ्यानं ओरडले, की रांगेतले पुढचे दोन लाभार्थी वळून बघायला लागले. ‘आणि सक्षम प्राधिकारी तो डिस्ट्रिक्टवाला. बरोबर. सह्यांना किती दिवस?’

‘ग्रंथालयाचं बोर्ड महिन्यातून एकदा बसतं. डिसेंबरात कोरम नव्हता.’

‘कधीच नसतो,’ काका तृप्त होऊन म्हणाले.

‘मग सविस्तर प्लॅन. पण त्याला सही लागत नाही.’

‘लागत नाही?’ हे मात्र त्यांना अजिबात आवडलं नाही. ‘तांत्रिक मान्यतेशिवाय काम? तिथंच घोटाळा होतो बघा.’

माणूस बरोबर बोलत होता. सही लागत नाही म्हणून पोरं प्लॅन उरकतात, आणि मग फळ्या आणि माती त्यांना धडा शिकवतात. इथे दुकानात ‘दोन बाय दहा’ म्हणून जी फळी मिळते ती प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि सव्वानऊ इंच रुंद असते. चार बाय आठ फुटांच्या वाफ्याला बारा फुटी दोन फळ्या, तिन्हीला मिळून सहा. प्रत्येक फळी आठ आणि चार फुटांवर कापायची. कापायची म्हणजे दुकानातूनच कापून आणायची, कारण विजेची गोल करवत अठरा वर्षांखालच्या पोरांच्या हातात द्यायला संघटनेची मनाई आहे. त्यात करवतीचं पातं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, लाकूड खातं. आठ फुटी तुकडे नेमके घेतले आणि चार फुटी सगळे सारखेच सूतभर कमी आले तर बिघडत नाही. पण कापणाऱ्यानं एकदा इकडून, एकदा तिकडून मापलं, तर समोरासमोरच्या फळ्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि वाफा पतंगासारखा तिरका होतो. फळीच्या टोकाला आधी बारीक भोक न पाडता तीन इंची स्क्रू घातला की फळी चिरते. आणि आठ फुटांच्या बाजूला मधोमध खुंटी दिली नाही, तर ओल्या मातीच्या दाबानं ती पोटासारखी बाहेर येते. हे सगळं काकांना सांगावं लागलं नाही. ‘मधी टेकू दिला ना?’ हे त्यांनीच विचारलं.

‘माती किती?’

‘तिनं दहा इंच उंची धरून ऐंशी घनफूट काढली आणि तीन घनयार्ड, म्हणजे एक्क्याऐंशी घनफूट मागवली. फळी सव्वानऊचीच निघाल्यावर चौऱ्याहत्तरच्या आतच भागलं.’

‘म्हणजे पाऊण ब्रास.’

वीस वर्षं या देशात काढल्यावर न्यू जर्सीतल्या एका हॉलमध्ये ‘ब्रास’ (म्हणजे शंभर घनफूट) हा शब्द ऐकून माझा राग निम्मा उतरला, हे कबूल करते. (उरलेली माती आमच्या गाडीच्या डिकीत आली. थोडी अजून तिथेच आहे.)

‘मजूर?’

‘ट्रूपमधलीच मुलं, चौदा जण. त्यांच्या तासांची नोंद ठेवायची.’

‘हजेरीपट!’

‘पण किमान इतके तास असं बंधन नाही. बघतात ते एवढंच, की तिनं कामाचं नेतृत्व केलं का. एकटीनं सगळं बांधून टाकलं तर ते नापास.’

काका थांबले. ‘म्हणजे स्वतः हात लावायचा नाही, दुसऱ्याकडनं करवून घ्यायचं, आणि अहवाल आपण लिहायचा?’

‘साधारण तसंच.’

‘अहो, मग पोरगी कार्यकारी अभियंता झाली की! आणि तुम्ही बॅज म्हणताय?’

मी नाही हो, त्या बाई म्हणाल्या, असं सांगेपर्यंत काकांचा पुढचा प्रश्न आला होता. मुलगी बॉय स्काऊटमध्ये कशी? म्हटलं, २०१९ पासून या शाखेत मुलींना घेतात, आणि ८ फेब्रुवारी २०२५ पासून संघटनेचं नावही बदलून ‘स्काउटिंग अमेरिका’ झालंय. काका गंभीर झाले. ‘नाव बदललं? मग जुन्या लेटरहेडांचं काय केलं? ती संपायच्या आत नवी छापली असतील तर ऑडिटचा आक्षेप येतो.’

मी विषय मोठा करायला म्हटलं, चंद्रावर पहिला गेला तो नील आर्मस्ट्राँगसुद्धा ईगल स्काऊट होता.

‘त्यानं काय बांधलं?’

‘त्याच्या वेळी हा प्रोजेक्टचा नियम आतासारखा नव्हता.’

‘तेच म्हटलं,’ काका म्हणाले, ‘त्याला वेळ कसा मिळाला.’

पैसे कसे उभे केले ते सांगताना मात्र काका हळवे झाले. हिनं बेक सेल केला. बाहेरच्या लोकांकडून असे पैसे गोळा करायचे तर त्याचाही आधी फॉर्म भरून मंजुरी घ्यावी लागते. ‘आमच्या वेळी स्काऊटमध्ये ‘खरी कमाई’ होती, कामं करून पैसे मिळवायचे,’ ते म्हणाले. ‘१९६३ साल. गळ्यात स्कार्फ घालून घरोघर. बूट पॉलिश, गोठा झाडणं, पाणी भरणं. कार्डावर सही घ्यायची. एका वकिलानं अख्खी मोटार धुऊन घेतली आणि दोन आणे दिले ओ. दोन आणे!’ साठ वर्षांनंतर तो वकील काकांच्या प्लेटीत जिलबीशेजारी बसला होता. ब्रिटनमध्ये १९४९ साली ‘बॉब अ जॉब’ म्हणून असाच आठवडा सुरू झाला होता, एका कामाला एक शिलिंग. खरी कमाई त्याच कुळातली. त्या वकिलासारखी माणसं दोन्हीकडे भेटली असणार.

इथवर सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात मागून एक काकू म्हणाल्या, ‘पण कॉलेजला याचं किती धरतात गं?’ मी काही बोलायच्या आत दुसरा प्रश्न, आवाज खाली घेऊन, लाडात: ‘खरं सांग, सगळं तूच केलंस ना?’

हसले. काय करणार. पण हा प्रश्न मला या वर्षात सतरा वेळा विचारला गेलाय आणि दर वेळी विचारणारीला वाटतं, पहिल्यांदा तिलाच सुचलाय. अरंगेत्रमला दागिने, हॉल, वादक, पाचशे माणसांचं जेवण हे सगळं आईबापांनीच केलेलं असतं, तिथे कुणी विचारत नाही की नाचलीस तूच का. आणि न करणं काय असतं हे यांना कोण सांगणार? कमिटीवर असून मुलीच्या कागदावर सही करता येत नाही. तिच्या तक्त्यात मातीचा आकडा चुकलेला दिसतोय आणि गप्प बसायचं. डिस्ट्रिक्टच्या माणसाला ईमेल पाठवून नऊ दिवस झाले, उत्तर नाही, आणि ‘फोन कर ना त्यांना’ हेही दोनदाच म्हणायचं. काम सुरू झालं तेव्हा ग्रंथालयाच्या हिरवळीवर लेकीनं मला एकच काम दिलं: कोपऱ्याचा खांब सरळ धरून उभं राहायचं आणि बोलायचं नाही. मी धरला. चौदा पोरांपैकी सहा उशिरा आली, एकानं भोक न पाडता स्क्रू घालून सीडरची नवी फळी चिरली, पिझ्झे मात्र वेळेत संपले, आणि मी बोलले नाही. याचा बॅज नसतो.

काकूंना हे काही सांगितलं नाही. त्यांना म्हटलं, कॉलेजवाले फार काही धरत नसावेत. त्यांचा चेहरा पडला आणि त्या भजीकडे वळल्या.

काकांनी जाताना ग्रंथालयाचा पत्ता कागदी रुमालावर लिहून घेतला. मला वाटलं, सौजन्य.

मंगळवारी सकाळी व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून सात फोटो. प्रत्येकात वाफा, टेप आणि काकांच्या स्वेटरची बाही. खाली मजकूर: ‘नमस्कार. स्थळपाहणी केली. वाफा क्र. १ व २ उत्तम. मधले टेकू योग्य. वाफा क्र. ३ गुण्यात (काटकोनात) नाही, दोन कर्णांत चार सूत फरक, दोष उत्तर-पूर्व कोपऱ्यात. टोमॅटो चांगले आलेत. दोष दायित्व कालावधी किती?’

लेकीला दाखवलं. तिनं फोटो मोठा करून कोपरा नीट बघितला.

‘बरोबर आहे काकांचं,’ ती म्हणाली. ‘तो कोपरा तू धरला होतास.’