पाय झिरोच्या पिनला थेट जॅक जोडू नका, ते लाइन आउट नाही

एक सल्ला सगळीकडे फिरतोय, की रास्पबेरी पाय झिरो या छोट्या कॉम्प्युटर बोर्डला ऑडिओ जॅक नाही म्हणून डॅकवर (डिजिटल आवाजाचा अॅनालॉग सिग्नल करणारं मॉड्यूल) पैसे घालवू नका, बोर्डच्या जीपीआयओ पिन १८ आणि १९ ला सरळ ३.५ एमएम जॅकच्या वायरी जोडा, कॉन्फिग फाइलमध्ये आवाज या पिनांवर वळवणारी ऑड्रीमॅप (audremap) ओव्हरलेची ओळ टाका, झालं लाइन आउट, म्हणजे अँपला द्यायचं आउटपुट. यातली फक्त ती कॉन्फिगची ओळ बरोबर आहे.

म्हणे पिनवरचा सिग्नल लाइन लेव्हलच्या जवळपासच असतो. अजिबात नाही. तिथे ० आणि ३.३ व्होल्टमध्ये भयंकर वेगाने चालू-बंद होणारा सिग्नल, म्हणजे पीडब्ल्यूएम असतो, आवाज असतो त्याच्या सरासरीत, आणि ती सरासरी १.६५ व्होल्ट डीसीवर बसलेली असते. घरगुती लाइन लेव्हल म्हणजे ०.३१६ व्होल्ट आरएमएस (परिणामी सरासरी), पीक टू पीक, म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, साधारण ०.९. म्हणजे साडेतीन पटीहून जास्त आणि वर डीसी.

म्हणे अँप बघून घेतो. अँपच्या इनपुटला कपॅसिटर असला तर डीसी अडेल, पण ती हाय फ्रिक्वेन्सी तशीच आत जाते आणि पीएएम८४०३ सारखा क्लास डी (स्वतःच वेगाने चालू-बंद होऊन चालणारा) अँप असेल तर त्याच्या स्विचिंगशी मिसळून शिट्टी ऐकू येऊ शकते. इथे लागतं काय, तर चार पार्ट, आणि तेही दर चॅनलला: पिनपासून सिरीजमध्ये २७० ओहम, तिथून ग्राउंडला १५० ओहम आणि ३३ नॅनोफॅरड, मग पुढे सिरीजमध्ये १० मायक्रोफॅरड. रास्पबेरी पायच्या पहिल्या मॉडेल बीच्या बोर्डवर याच व्हॅल्यू होत्या. दोन रेझिस्टर मिळून ३.३ चे जवळपास १.२ व्होल्ट करतात, ३३ नॅनो ५० किलोहर्ट्झच्या वरचं कापायला लागतो, शेवटचा कपॅसिटर डीसी अडवतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला हे पार्ट अगदी स्वस्तात मिळतात, मग ते का टाळायचे मला खरंच कळत नाही.

हेडफोनचा मुद्दा सगळ्यात धोक्याचा आहे. ३२ ओहमचा हेडफोन थेट पिनला लावला तर ३.३ भागिले ३२, म्हणजे १०० मिलिअँपच्या वर मागणी, आणि पिनची मर्यादा १६ मिलिअँप आहे, आणि ही पिन थेट प्रोसेसरच्या चिपमधून येते, मध्ये काहीच नाही, गेली तर परत येत नाही. कृपया हे करू नका. वरचा फिल्टर लावूनसुद्धा हेडफोनवर बेस जातो, कारण एवढ्या कमी लोडला १० मायक्रोफॅरड १२० हर्ट्झच्या आसपासच कापायला लागतो.

क्वालिटी डॅकएवढीच येते असंही म्हणतात. ३.३ व्होल्टच्या लाइनवरचा सगळा नॉइज पीडब्ल्यूएममधून थेट आवाजात येतो, म्हणून तर २०१४ च्या रास्पबेरी पाय बी प्लसमध्ये ऑडिओला वेगळा लो नॉइज सप्लाय दिला. अलार्म, घोषणा वगैरेला पीडब्ल्यूएम पुरतो, गाणी ऐकायची असतील तर पीसीएम५१०२ए डॅक घ्या, २.१ व्होल्ट आरएमएस देतो, डीसी नाही, बाहेर कपॅसिटरही लागत नाही. फक्त त्याला आयटूएससाठी (डॅककडे डिजिटल आवाज नेणारी जोडणी) जीपीआयओ १८, १९ आणि २१ लागतात, त्यामुळे आधीची ऑड्रीमॅपची ओळ काढा, नाहीतर दोघांची त्याच पिनांवर भांडणं होतात आणि बिचारं मॉड्यूल खराब ठरतं. आणि मॅक्स९८३५७ घेऊन त्याचं आउटपुट लाइन इनला लावू नका, तो स्पीकरचा अँप आहे, त्याच्या दोन्ही तारांपैकी एकही ग्राउंड नसते.