नळी घालण्याआधीची ‘हृदय वाचवणारी’ गोळी

‘भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालताना हृदयावर प्रचंड ताण येतो. म्हणून ऑपरेशनच्या सकाळी मेटोप्रोलॉलची एक गोळी घ्या, हार्ट अटॅक टळेल. अभ्यासांनी सिद्ध झालंय.’ व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या सल्ल्यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, म्हणून पुढचंही पटकन गळी उतरतं. (मेटोप्रोलॉल म्हणजे नाडी आणि रक्तदाब उतरवणारं, ‘बीटा ब्लॉकर’ गटातलं औषध.)

‘ताण येतो.’ येतोच. नळी घालताना घसा पाहण्यासाठी वापरतात त्या लॅरिंगोस्कोपचं पातं जिभेच्या मुळाशी दाब देतं, शरीरात अ‍ॅड्रेनलिन उसळतं, नाडी आणि रक्तदाब चढतात. पाचेक मिनिटांत बहुधा ओसरतात. धडधाकट माणूस हे सहज सोसतो. जपावं लागतं ते हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्यांना, मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असलेल्यांना.

‘म्हणून गोळी घ्या.’ पाचेक मिनिटांच्या ताणासाठी दिवसभर टिकणारं औषध? हे करून पाहिलेलं आहे. 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या पॉइज चाचणीत, हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रिया होणारे 8351 रुग्ण होते. एका गटाला शस्त्रक्रियेच्या 2 ते 4 तास आधी दीर्घकाळ काम करणारं मेटोप्रोलॉल सुरू केलं. हार्ट अटॅक 5.7 टक्क्यांऐवजी 4.2 टक्के झाले. इथपर्यंत फॉरवर्ड खूश. पण मृत्यू 2.3 ऐवजी 3.1 टक्के, आणि पक्षाघात दुप्पट. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झाला की हृदयाला वेग वाढवावा लागतो; नेमका तेव्हाच ब्रेक दाबलेला.

‘सिद्ध झालंय.’ ऑपरेशनआधी बीटा ब्लॉकर दिल्याने हृदय वाचतं, या मताला मोठं बळ देणारी संशोधनमालिका नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमची. तिच्या प्रमुख संशोधकाला 2011 मध्ये तिथल्याच इरास्मस वैद्यकीय केंद्राने गैरप्रकारांवरून काढून टाकलं.

भूलतज्ज्ञ बीटा ब्लॉकर वापरतात, पण वेगळं: शिरेतून एस्मोलॉल. एक-दोन मिनिटांत असर, अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे 9 मिनिटं. ताण सरला की औषधही सरतं. तेही सरसकट नाही. पुरेशी खोल भूल, फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक, लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध, हे पर्याय असतातच. अपघातात रक्त गेलेल्याची धावती नाडीच त्याला तगवत असते, ती दाबायची नसते.

आणि ज्यांची बीटा ब्लॉकर आधीपासून चालू आहे, त्यांनी ‘उपाशी राहायचंय’ म्हणून ती परस्पर चुकवू नये. अचानक थांबवली तर नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात; बहुधा सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायलाच सांगतात. ऑपरेशनआधीच्या तपासणीला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि प्रत्येकीबद्दल भूलतज्ज्ञांना विचारा.