सरसकट लिफ्टम्युझिक नका म्हणू हो
लॅटिन अमेरिकी चालींच्या ऑर्केस्ट्रा रेकॉर्डिंगना लेखात सरसकट 'लिफ्टमधलं संगीत' (म्हणजे मागे नुसतं वाजत राहणारं, बेचव) म्हटलंय ते काही पटलं नाही बुवा. ऑर्केस्ट्रावाल्या पर्सी फेथचं 'डेलिकाडो' ऐका एकदा, मूळ चाल ब्राझीलच्या वाल्दिर आझेवेदोची, कावाकिन्यो म्हणून चार तारांचं चिमुकलं गिटारसारखं वाद्य असतं त्यावरची, आणि फेथने त्यात चक्क हार्प्सिकॉर्ड (पियानोसारखं जुनं युरोपियन वाद्य) घातलं आणि १९५२ला अमेरिकेत ते एक नंबरला गेलं. बायाओचा, म्हणजे मूळ ब्राझिली नाचाचा, ठेका मऊ झालाय, मान्य, व्हायोलिनचा पाक जरा जास्तच (मला आवडतो, काय करू). पेरेझ प्राडोच्या 'चेरी पिंक'चं तर उलटंच, मूळ चाल फ्रान्समधली आणि क्युबाच्या या बँडमास्तरने तिला नाचायला लावलं, १९५५ला १० आठवडे टॉपवर! सुरुवातीचा तो घसरत खाली येणारा ट्रंपेट लिफ्टमध्ये वाजला तर लोक आपला मजला विसरतील.