एरर नाही हो, चेचलंय ते!

आज पुन्हा एक फोटो. अंधुक, तिरका, वर बोटाची सावली. खाली प्रश्न, "रेअर मिंट एरर आहे का?" अहो, चाकाखाली गेलंय ते नाणं! टांकसाळीचा काडीचा संबंध नाही.

नाणं पडतं कसं, एवढं तरी बघा की. कोरी चकती, खाली एक डाय म्हणजे चित्र कोरलेला ठसा, वर एक डाय, भोवती कॉलर म्हणजे धातूचं कडं. एक दणका, झालं. तुमच्या नाण्यातली खोट चकतीत, डायमध्ये किंवा त्या दणक्यात घडू शकते का, एवढंच विचारायचं असतं. पण नाही, थेट "किती मिळतील?"

डायला तडा गेला की धातू त्यात घुसतो, म्हणून नाण्यावर ती रेघ उठून येते. उंच! आत खोल गेलेली, काठांना धातू उसवलेली रेघ म्हणजे ओरखडा. शंभरदा सांगून झालं. तरी, "पण दिसतोय तर तडाच ना?" कपाळ माझं.

कड जाड होऊन आत वळलेलं, काठाजवळची अक्षरं गिळलेलं नाणं आलं की मी ओळखतो, कपडे सुकवायच्या मशीनमध्ये कुठेतरी अडकून दिवसेंदिवस गडगडत होतं बिचारं.

आणि ते शिकंजावाले! आधीचं नाणं डायलाच चिकटून राहिलं तर पुढच्या चकतीवर त्याची उलटी, खोलगट छबी उमटते. ही खरी चूक, देखणी चूक. हे महाभाग काय करतात, दोन नाणी व्हाइसमध्ये घालून पिळतात. उलटी अक्षरं येतात खरी, पण खालचं मूळ चित्र सपाट होऊन डोकावत राहतं ना! तिथेच चोरी पकडली जाते. दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं तर विचारूच नका. एक कोरून पोकळ करायचं, दुसरं घासून आत बसवायचं. कडेच्या आतल्या बाजूला सांधा शोधा, सापडतो.

दुहेरी अक्षरांबाबत मात्र मी माफ करतो. दणक्याच्या वेळी डाय जरासा हलला की सपाट, पायरीसारखी दुसरी कड येते, आणि तिला डबल डाय, म्हणजे डायवरच चित्र दुहेरी उमटल्याची खरी चूक, समजून मीही दोन वर्षं नाचलोय.

पण वजनकाटा? चुंबक? तेवढं तरी! अमेरिकेचं १९४३ चं 'तांब्याचं' सेंट घेऊन येतात. त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं होतं, म्हणून तांब्याचं निघालं तर ती दुर्मीळ चूक. त्यावर तांबं चढवलं तरी ते चुंबकाला चिकटतंच. चिकटलं की म्हणतात, "तुमचं चुंबक जास्त पॉवरफुल आहे."

आजच्या फोटोवाल्याला सगळं नीट समजावलं. अर्धा तास. उत्तर आलं, "कळलं, तुम्हाला स्वस्तात लाटायचंय."

चेचलेलं नाणं. मला लाटायचंय!